बाभळीचा ठोकळा

‘सदर ट्रक व त्यास जोडलेला कॉम्प्रेसरचा ट्रेलर यांची कार्यशाळेत संपूर्ण दुरुस्ती झालेली असून दोन्ही वाहने रस्त्यावर धावण्यास सर्वथा योग्य होती. अपघात यांत्रिकाच्या अथवा मयताच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे घडला.’

चौकशीच्या खोलीत कारकुनाने प्राथमिक अहवालाचा चौथा परिच्छेद वाचून संपवला आणि पान उलटण्याआधी समोर पाहिले. समोर मोहियोद्दीन मिस्त्री उभा होता. खुर्ची रिकामी होती. पण ती आरोपीसाठी आहे की साक्षीदारासाठी, हे अजून ठरले नसल्यामुळे त्याला कोणी बसायला सांगितले नव्हते.

परिच्छेदात दोनच वाक्ये होती, आणि ती एकमेकांची वैरी होती. सर्वथा योग्य असलेल्या ट्रेलरची कडी चढावर तुटत नाही. तुटली असेल, तर तो सर्वथा योग्य नव्हता. आणि मग पहिल्या वाक्याखाली सही करणाऱ्याने नेमके काय तपासले होते, असा प्रश्न उरतो. सरकारी गद्यात असे प्रश्न उरत नाहीत. तिथे दोन वाक्यांमध्ये पूर्णविराम असतो, आणि पूर्णविरामाच्या अलीकडची माणसे पलीकडच्यांना ओळखत नाहीत. खालची सही उपअभियंत्यांची होती. सारी कार्यशाळा त्यांना तात्यासाहेब म्हणे.

मोहियोद्दीनला ही वाक्यरचना उलगडून पाहण्याचे कारण नव्हते. त्याच्या कानात ‘संपूर्ण दुरुस्ती’ एवढेच शब्द अडकले, आणि त्याला हसू येता येता राहिले.

तो ट्रक बहात्तरच्या दुष्काळात, खडक फोडून पाणी काढायला म्हणून आला होता. तेरा वर्षे त्याने मराठवाडा पालथा घातला आणि मग सहा वर्षे तो औरंगाबादच्या सरकारी कार्यशाळेच्या मागच्या आवारात लिंबाखाली उभा राहिला. केबिनमध्ये साळुंकी पक्ष्यांनी संसार मांडला. शेजारी ट्रेलर, त्याच्यावर कॉम्प्रेसर, आणि त्याच्यावर ताडपत्रीच्या चिंध्या. आषाढात अचानक वरून हुकूम आला, की दसऱ्यापर्यंत दोन्ही चालू झाले पाहिजेत. मोहियोद्दीन आणि त्याचा खलाशी, म्हणजे मदतनीस, कडूबा असे दोघेजण कामाला लागले. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलेला मिस्त्री आणि तेवीस वर्षे त्याच्या हाताखाली पाने पुसणारा खलाशी. तिसरा माणूस मिळाला नाही. इंजिन उतरवले, रिंगा बदलल्या, शहागंजच्या भंगारवाल्यांकडे दोन शुक्रवार हिंडून कमानीचे पाटे मिळवले. भाद्रपदात एका दुपारी इंजिनाने काळा धूर ओकला, दोनदा अडखळले आणि मग एका लयीत फिरू लागले.

“मिस्त्री, म्हातारी खोकली,” कडूबा म्हणाला.

“खोकली नाय, बोलली. तुझ्या कानात मळ हाय.”

“माझ्या कानात मळ, मग तुमच्या डोळ्यात पाणी कशाचं?”

“डिझेलचं,” मोहियोद्दीन म्हणाला आणि बाहीने तोंड पुसले.

ट्रक झाला. ट्रेलर झाला नाही. ट्रकच्या हुकात अडकते ती ट्रेलरच्या दांड्याची लोखंडी कडी एकोणीस वर्षांत झिजून निम्मी झाली होती, आणि तिच्या आतल्या अंगाला केसासारखी भेग होती. मोहियोद्दीन तात्यासाहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

“साहेब, कडी नवी घडवावी लागंल.”

“वेल्डिंग मारून घ्या, मिस्त्री. पुढच्या वर्षी बघू.”

“वेल्डिंगवर आवारातल्या आवारात हालंल. रस्त्यावर नाय टिकायची.”

“रस्त्यावर नेतंय कोण?” तात्यासाहेब म्हणाले, आणि त्यांनी फायलीवरचा पेपरवेट या बाजूचा त्या बाजूला ठेवला. म्हणजे बोलणे संपले.

मोहियोद्दीनने वेल्डिंग मारले आणि त्याच संध्याकाळी ट्रेलरचे उजवे चाक काढून शेडमध्ये नेऊन ठेवले. आसाखाली बाभळीचा ठोकळा दिला. ही त्याची लिहिण्याची पद्धत होती. त्याला उर्दू लिहिता येई. मराठी बोलता येई, लिहिता येत नसे. निजामाचे राज्य संपवणारी पोलिस ॲक्शन झाली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि युसूफ उस्तादांच्या हाताखाली मोटारींची चाके धूत होता. उस्तादांजवळ बावीस वर्षांच्या नोकरीचा दाखला होता, उर्दूत, मोहरेसकट. नव्या कचेरीत तो वाचता येणारी तीन माणसे तरी होती. वाचायचा नाही, एवढेच ठरले होते. उस्ताद दाखला घडी करून घरी घेऊन आले आणि त्यांनी शागिर्दाला एकच गोष्ट सांगितली: “कागज पे मत जा बेटा. गाडी सडक के लायक नहीं, तो पहिया निकाल के रख. पहिया सबको पढ़ना आता है.”

तेव्हापासून जे यंत्र रस्त्यावर जाऊ नये, त्याचे एक चाक मोहियोद्दीन काढून ठेवी. त्याच्या बेचाळीस वर्षांच्या कामात ही भाषा कोणी चुकीची वाचली नव्हती. वाचणाऱ्याला पर्यायच नसे.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कार्यशाळेत पाने, हातोडे, जॅक धुऊन पाटावर मांडतात, यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात आणि आवारातला सर्वांत जुना हात नारळ फोडतो. अकरा वर्षे तो हात मोहियोद्दीनचा होता. कोणाला त्यात वावगे वाटत नसे. ज्यांना वाटे ते त्या दिवशी रजेवर असत. सकाळी कडूबा माळ घेऊन ट्रेलरपाशी गेला आणि माळ हातात तशीच धरून परत आला.

“मिस्त्री, हिला एका पायावर ठिवून फुलं घालायची?”

“मग काय झालं?”

“तीन महिने जीव लावला आपण. घरातलं माणूस आजारी असलं तरी सणाला उठवून बसवतोच की. पूजेपुरतं चाक लावा. लंगड्या गाडीला हार घालायचा म्हंजी तिची टर उडवल्यावानी वाटतं.”

मोहियोद्दीनने आसाखालचा ठोकळा पायाने चाचपून पाहिला. मग म्हणाला, “जा, आण. पण सांजच्याला उतरवायचं.”

दोघांनी चाक चढवले. नट कडूबाने हाताने फिरवले, मोहियोद्दीनने आवळले. मग ते पान्यांचे पुडकेही धुऊन पाटावर गेले. ट्रेलर चारचौघांसारखा ताठ उभा राहिला, मोहियोद्दीनने नारळ फोडला, खोबरे वाटले. संध्याकाळी तो चाक उतरवायला वळला आणि पाटापाशी थबकला. पान्यांवर हळदकुंकू होते, वर झेंडू. पूजेला बसलेल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नसतो. हा नियम त्याच्या धर्मातला नव्हता. पण बेचाळीस वर्षे त्याने तो एखाद्या पुजाऱ्यापेक्षा काटेकोर पाळला होता.

“ऱ्हाऊ द्या,” कडूबा म्हणाला, “परवा उतरवू.”

“कडूबा, कडीवर भरोसा नाय हां.”

“मला काय सांगता? भेग म्याच दावली व्हती तुम्हाला.”

दसऱ्याच्या दुपारी कार्यशाळेला कुलूप असताना तात्यासाहेबांनी ड्रायव्हर रामकिसनला बोलावले. फर्दापूरला एका वजनदार माणसाच्या लॉजच्या आवारात बोअर घ्यायची होती. वहीत ती पिण्याच्या पाण्याची तातडीची योजना म्हणून लिहिली गेली. कडूबा आवारातल्याच खोलीत राहत असे. तो म्हणाला, ट्रेलर न्यायचा नाय, मिस्त्रीनं चाक काढून ठेवलं व्हतं. तात्यासाहेबांनी खिडकीतून पाहिले आणि म्हणाले, “चाक तर बसलेलंच आहे.”

कडूबाही ट्रकबरोबर निघाला. जाताना उतार होता, सांभाळून गेले. तिसऱ्या दिवशी परत येताना अजिंठ्याच्या घाटात कडूबा खाली उतरला आणि ट्रेलरच्या मागून चालू लागला. घरून निघतानाच त्याने बाभळीचा तो ठोकळा केबिनमध्ये टाकला होता. ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत होता. तिसऱ्या वळणावर कडी वेल्डिंगपाशी नव्हे, त्या जुन्या भेगेपाशीच तुटली. ट्रेलर मागे घरंगळला. खालच्या वळणावर माणसांनी भरलेली एक जीप चढत होती. कडूबा बाजूला उडी मारू शकला असता. वाव होता, असे रामकिसन नंतर म्हणाला. त्याने ठोकळा चाकाखाली सारला. ट्रेलर थांबला, पण थांबण्यापूर्वी दांडा फिरवून कलंडला, आणि कडूबा त्याच्याखाली गेला. जीपमधल्या कोणाला खरचटलेही नाही. पंचनाम्यात नोंद आहे: बाभळीचा ठोकळा, एक.

“लेखी कळवलं होतं का, कडी नादुरुस्त आहे म्हणून?” चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले. ते पुण्याहून आले होते आणि त्यांना संध्याकाळच्या आत वेरूळही पाहायचे होते.

“चाक काढून ठिवलं व्हतं, साहेब.”

“लेखी?”

“चाक,” मोहियोद्दीन पुन्हा म्हणाला.

अधिकाऱ्यांनी कारकुनाकडे पाहिले. कारकुनाने काही लिहिले नाही. “मग चाक पुन्हा बसवलं कोणी?” अधिकारी म्हणाले आणि घड्याळ बघून उठले. “जेवणानंतर जबाब घेऊ. या एकाच मुद्द्यावर सगळं आहे.”

ते खरे होते. अहवालातल्या ‘यांत्रिक’ आणि ‘मयत’ या दोघांपैकी एकच पुढे जाणार होता. चाक मयताने बसवले असेल, तर तो स्वतःच्या हलगर्जीपणाने मेला. मिस्त्री सव्वा वर्षाने हार घालून घरी जाईल आणि मयताच्या बायकोला त्याच्या जागी घेण्याचा अर्ज नामंजूर होईल. चाक मिस्त्रीने बसवले असेल, तर कडूबा कामावर मेला. त्याच्या बायकोला खलाशाची जागा मिळेल आणि मिस्त्रीची नोकरी, निवृत्तिवेतनासकट, जाईल. तात्यासाहेबांचे नाव दोन्ही रकान्यांत नव्हते. रकाने त्यांनीच आखले होते.

व्हरांड्यात त्यांनी मोहियोद्दीनला गाठले. आवाज घरगुती होता.

“मिस्त्री, तुमचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नाही. नट कडूबानं फिरवले ना? मग तेवढंच सांगा. खोटं थोडंच आहे?”

“आवळले म्या.”

“कोण विचारतंय आवळले कोणी. गेला बिचारा. त्याला आता कागदाचं काय?”

“त्याच्या बायकूला हाय.”

“तिचं बघू काहीतरी,” तात्यासाहेब म्हणाले.

“पुढच्या वर्षी?” मोहियोद्दीनने विचारले. तात्यासाहेबांना आठवण नव्हती. त्यांनी मान डोलावली.

रामकिसन जिन्यापाशी तंबाखू मळत होता. मोहियोद्दीन जवळ जाताच त्याने मान खाली घातली. “मिस्त्री, साहेब कडूबाला काय बोलले त्ये म्या ऐकलं नाय. माझी गाडी चालू व्हती. लेकरं हैत मला.”

“ठाऊक हाय रे. म्या इचारलं का तुला?”

लिंबाखाली, जिथे सहा वर्षे ट्रक उभा होता तिथे, कडूबाची बायको सरूबाई बसली होती. कपाळ मोकळे, पदर घट्ट. मोहियोद्दीन आल्यावर ती उठू लागली, त्याने हातानेच बसवले.

“काय म्हनत्यात, मिस्त्रीभाऊ?”

“चाक कुणी बसवलं, म्हनत्यात.”

सरूबाई जमिनीकडे बघत बोलू लागली. “नवमीला घरी येऊन सांगत व्हते मला. म्हनले, मिस्त्रीला मनवलं म्या, गाडी पायावर उभी केली. लई खूश व्हते.” मग ती म्हणाली, “तुम्ही खरं त्ये सांगा. माझ्यापायी तुमच्या म्हातारपनाचं वाटोळं नको. म्या धुनीभांडी करीन.”

“खरंच सांगनार हाय, भाबी.”

“व्हय. त्यांचं नाव घ्या. त्यांना राग यायचा नाय.”

“राग त्याला कधीच येत नव्हता,” मोहियोद्दीन म्हणाला. “म्हणून तर तेवीस साल निभलं.”

दुपारी जबाब झाला. अंतिम अहवालात तो एका ओळीत आहे: ‘यांत्रिकाने आपला हलगर्जीपणा निःसंदिग्धपणे मान्य केला.’ मूळ जबाब फायलीच्या तळाशी आहे. कारकून आळशी होता. त्याने भाषा सुधारण्याचे कष्ट घेतले नाहीत, आणि केवळ त्या आळसामुळे मोहियोद्दीनचे बोलणे जसेच्या तसे राहून गेले. खाली उर्दूत सही आहे. मजकूर असा:

‘चाक म्याच बसवलं. खंडेनवमी व्हती, गाडी लंगडी ठिवून फुलं घालनं बरं दिसंना, म्हणून बसवलं. सांजच्याला काढायचं व्हतं. पन पाने पूजेला बसले व्हते, त्यांना हात लावला नाय, चाक तसंच ऱ्हायलं. घाटात गाडीच्या मागं ठोकळा घिऊन चालायचं, ह्यो माझा कायमचा हुकूम व्हता. कडूबा हुकमानं चालला. माझा शब्द त्यानं कधी मोडला नाय. चाक बसवा म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.’