अलेजची बाटली

आमच्याकडे तेल बाटल्यांत भरायचं काम पहाटे तळघरात चालतं. तिथे गारवा असतो, रात्रभर निवलेलं तेल शांत बसलेलं असतं, फेस धरत नाही. भरायला सासूबाई आणि बुचं बसवायला मी. सकाळचा दिवा आणि वाचन होईपर्यंत न बोलण्याचा माझा नेम आहे, त्यामुळे त्या टेबलावर बोलायचं काम सासूबाईंचं, ऐकायचं माझं. त्या तेलाशीसुद्धा बोलतात. "ये, ये, घाई नको," असं म्हणत नरसाळं किंचित हलवतात. तेल बाटलीच्या गळ्यातून चढत काठाला टेकलं की थांबतात. आणखी एक थेंब पडला तर ओघळेल, इतकी भरल्यावरच बाटली माझ्याकडे सरकते. बूच दाबताना थोडं तेल माझ्या बोटांवर येतंच. ते मी फडक्याला पुसते.

आपल्या हातून अपुरं काही जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. सासरे दुकानात तेल मापून देत आणि माप ओतून झालं की वर पळीभर घालत. सासरे गेले, दुकान गेलं, घरून भांडी घेऊन येणारी गिऱ्हाइकंही गेली. पळी तेवढी राहिली आणि ती बाटलीच्या गळ्यात गेली. कारण लेबलावर लिहिलेलं तेल बाटलीच्या खांद्याशीच पुरं होतं, गळ्यातलं सगळं वरचं. सासूबाईंना हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर त्या घालत.

गावातल्या दुकानांत यामुळे काही बिघडलं नव्हतं. घोळ सुरू झाला तो लांबच्या शहरातल्या घाऊक दुकानदाराने माल घ्यायला सुरुवात केल्यावर. घरात आम्ही त्यांना मिशीवाले म्हणतो. माल ट्रकमधून जायचा, दुपारभर उन्हात तापायचा आणि पोचेपर्यंत खोकी तळाशी ओली झालेली असायची, लेबलं सुटलेली, बाटल्यांना धूळ चिकटलेली. आमच्या ह्यांनी बुचं बदलली, मग पुन्हा बदलली. गळणं काही थांबेना. शेवटी मिशीवाल्यांचा फोन आला. माणूस बोलायला गोड.

"तेल उत्तम आहे हो तुमचं," ते म्हणाले. "पण खोक्याला हात लावला की साबण शोधावा लागतो. पुढची खेप अशीच आली तर मला माफ करा."

त्या दिवशी जेवताना ह्यांनी विषय काढला.

"आई, भरायचं यंत्र आणावं म्हणतोय. तू आता जरा आराम कर."

"मी कुठे दमलेय?"

"दमायचा प्रश्न नाही गं. बाटल्या थोड्या कमी भरायला हव्यात, आणि तुझ्याच्याने ते होत नाही."

"मग कमी भरणारी माणसं आण. बाजारात पुष्कळ मिळतील," सासूबाई म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या.

दुसऱ्या दिवशी तळघरात त्या तेलाशी बोलल्या नाहीत. मुलाचं ऐकायचा प्रयत्न मात्र केला. एक बाटली गळ्याशी रिकामी ठेवून माझ्याकडे सरकवली, आणि मी बूच उचलते न उचलते तोच ती परत ओढून काठापर्यंत भरली. हे टेबल गेलं तर पहाटे उठायला त्यांना कारण उरणार नव्हतं. ते त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं.

वाचन झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही त्यांना रोज चमचाभर नेम मोडायला सांगताय. मला कोणी सांगितलं, दिवा लावण्याआधी फक्त दोन शब्द बोल, तर मी बोलेन का?"

"मग काय करू? गिऱ्हाईक सोडू?"

"ताई येताहेत ना? त्यांच्याशी बोलून बघू. तोवर यंत्राचं ठरवू नका."

ताई म्हणजे माझी नणंद. ती बंदरावर काम करते, तेलाच्या जहाजांवर चढून टाक्यांतला माल मोजते. येताना तिची बॅग इतकी ठासलेली असते की उघडायला दोघं लागतात. आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती चहाचा कप घेऊन तळघरात उतरली. एक बाटली उचलून तिने बल्बसमोर धरली.

"आई, हिचं अलेज कुठाय?"

"काय ते?"

"अलेज. टाकीत तेलाच्या वर मोकळी सोडतात ती जागा. तेल तापलं की फुगतं, त्याला वर यायला वाव लागतो."

"म्हणजे तूट."

"तूट नव्हे. तूट राहून जाते, हे मुद्दाम ठेवतात. आमच्याकडे तर तेच मोजतात. टाकीच्या तोंडातून फीत सोडायची, वरून तेलापर्यंत किती रिकामं आहे ते बघायचं आणि त्यावरून आत किती भरलंय ते काढायचं."

"रिकामं मोजायचा पगार देतात तुला?"

"चांगला देतात."

"तरीच भावाला सुचलंय," सासूबाई म्हणाल्या. "हे बघ, रिकामं ते रिकामं. इंग्रजी नाव ठेवलं म्हणून ते भरत नाही. गिऱ्हाईक बाटली हातात घेणार आणि म्हणणार, बाईने वरचं चाटलं."

मला हसू आलं, पण मी बुचाकडे बघत राहिले.

ताईने वाद घातला नाही. तिने एक काठोकाठ भरलेली बाटली आणि एक गळ्याशी मोकळी ठेवलेली बाटली घेतली, बुचं बसवली, दोन्ही आडव्या करून वेगवेगळ्या बशांत ठेवल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हाला लावल्या. "दुपारी बघू," म्हणाली आणि आंघोळीला गेली.

दुपारी सासूबाई कुणी बोलवायच्या आत तिथे हजर होत्या. पहिल्या बशीत तेलाचं थारोळं झालं होतं आणि त्यात एक मुंगी अडकली होती. दुसरी बशी कोरडी होती. त्यांनी भरलेली बाटली उचलून उभी केली. ती सावलीत निवली तेव्हा तिच्या गळ्याशी बोटभर जागा झाली.

"ही मी भरली होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि त्यांच्या हातात अशी पडते?"

"अशी, वर चिकट," ताई म्हणाली.

सासूबाईंनी फडकं घेऊन बाटली पुसली, बशी घासून ठेवली. मग मला म्हणाल्या, "अगं, ते काय म्हणाली ती? अलेज ना?"

"हो आई. अलेज."

"नाव बरंय," त्या म्हणाल्या. "पण त्यातलं तेल कुणाचं?"

लेबलाप्रमाणे माल पुरा होता, तेव्हा कुणाचंच नव्हतं म्हणावं, तर सासऱ्यांच्या पळीचं काय करायचं? सासूबाईंनी ते स्वतःच सोडवलं. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर एक वाडगा आला. प्रत्येक बाटलीमागे चमचाभर तेल वाडग्यात जायचं आणि बाटली गळा मोकळा ठेवून माझ्याकडे यायची. खोकं भरून झालं की वाडग्यातलं तेल एका छोट्या बाटलीत ओतायचं आणि तीही खोक्यात, कोपऱ्यात पुठ्ठ्याची घडी घालून बसवायची.

पहिली छोटी बाटली त्यांनी सवयीने काठापर्यंत भरली. माझ्याकडे सरकवली. मग स्वतःच परत घेतली, डोळ्यांसमोर धरली आणि थोडं तेल वाडग्यात ओतून दिलं. "ये, ये, घाई नको," असं हळूच म्हणाल्या. किती दिवसांनी तेलाशी बोलल्या होत्या. मला बोलता येत नव्हतं, ते बरंच झालं.

खेप पोचली तेव्हा मिशीवाल्यांचा फोन आला. ह्यांनी उभ्याउभ्याच घेतला.

"खोकी कोरडी आहेत, आभारी आहे," ते म्हणाले. "पण ही कोपऱ्यातली छोटी बाटली कसली? बिलात दिसत नाही."

ह्यांना काय सांगावं कळेना. आई समोरच बसली होती. "ते... अलेज आहे," हे म्हणाले.

मिशीवाले म्हणाले, "असं, असं. अलेज. ठीक आहे," जणू आयुष्यभर त्यांचा याच्याशीच व्यवहार होता.

पुढच्या मागणीच्या वेळी ते आपणहून म्हणाले, "अलेज तेवढं विसरू नका." त्यानंतर त्यांना मध पुरवणाऱ्या एका गृहस्थांनी ह्यांना फोन करून चौकशी केली, की तुम्ही खोक्यामागे किती अलेज देता, कारण मिशीवाले आता आमच्याकडेही मागतात. यंत्राचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. बुचं अजून मीच बसवते आणि फडकं हल्ली दिवसभर कोरडं राहतं.

घरातही शब्द चांगलाच रुळला. परवा ताई निघाली तेव्हा बॅगेवर गुडघा टेकवून ती चेन ओढत होती. सासूबाई डबा हातात घेऊन उभ्या होत्या.

"जरा अलेज ठेवत जा गं बॅगेत. हा डबा कुठे घालू?"

"आता कसं बरोबर बोललीस," ताई म्हणाली. "मिशीवाल्यांना मात्र उलटंच शिकवून ठेवलंयस. अलेज म्हणजे रिकामी जागा, आई. वर फुकट दिलेली बाटली नव्हे."

सासूबाईंनी डबा तिच्या हातात दिला.

"तुमच्या जहाजावर नसेल," त्या म्हणाल्या.