अर्धा फेरा सैल

"काका, स्प्रिंग पूर्ण आवळा. स्टिअरिंग नुसतं मेणासारखं वळतंय."

"डॉक्टर, तुम्ही दात काढणारे, मी वाचवणारा. चाक आपटलं की धक्का कुणीतरी खायलाच हवा. स्प्रिंगने नाही खाल्ला, तर सर्वोतल्या चक्रांचे दात गेलेच म्हणून समजा."

"जाऊ देत. आज अंतिम फेरी आहे."

रिमोटवर धावणाऱ्या ट्रकांच्या या क्लबात काका बारा वर्षं मेकॅनिक होते. सर्वो म्हणजे पुढची चाकं वळवणारी, काडेपेटीएवढी मोटर. तिच्या आणि चाकांच्या मधली स्प्रिंग किती आवळायची, हे ते बोटांनी ठरवत. कारखाना बंद पडल्यापासून त्यांना कुणी काही विचारावं, असं पत्र्याच्या शेडमधलं हे कोपऱ्यातलं टेबल तेवढं उरलं होतं.

काकांनी डॉक्टरांदेखत नट आवळला. त्यांची पाठ वळताच अर्धा फेरा सैल केला.

शेवटच्या वळणावर चाकं पुरती वळलीच नाहीत; ट्रक बाहेर फेकला गेला आणि कठड्यावर धाडकन आदळला. तो सावरेपर्यंत मागचा पुढे निघून गेला होता.

डॉक्टरांनी ट्रक टेबलावर आणून उलटा केला. नटाला बोट लावलं. नट फिरला.

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

काकांनी सर्वो सोडवला, झाकण काढलं आणि पुढे धरला. "बघा तरी. एवढा आदळला, पण एक दात तुटलेला नाही."

"सर्वो उद्या दुसरा मिळेल हो. आजची शर्यत कुठून आणू?"

भोवतीच्या एकेकाने आपापला ट्रक उलटा केला आणि नट चाचपला.

"माझापण सैल!" कुणीतरी म्हणालं.

सेक्रेटरी जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "काका, पुढच्या रविवारपासून तुम्ही घरी आराम करा. ज्याचं तो बघेल."

"सांगितल्यासारखं केलं असतं, तर चक्रं..."

"कळलं हो. पण ट्रक त्यांचे आहेत ना?"

बाहेर बक्षिसाचे फोटो सुरू झाले, तशी माणसं पांगली. काकांनी चक्रांना ग्रीस लावायला घेतलं.

"राहू द्या," जाता जाता डॉक्टर म्हणाले, "मी नवाच बसवणार आहे."

काकांनी झाकण ठेवलं. चारही स्क्रू लावले. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, आळीपाळीने, थोडे थोडे. असे आवळले की झाकण वाकडं बसत नाही. चौथा बसला, तेव्हा शेडमध्ये कुणीच उरलं नव्हतं.