घरात न म्हटलेलं उत्तर

“लेकरूबाळ?” खाटेवर मांडी घालून डॉक्टरचं सोंग घेतलेल्या केवळाबाईंनी विचारलं आणि सून तोंड उघडायच्या आत तिच्या तोंडावर हात ठेवला. “हे घरात म्हणू नको, पुनम. वास्तू तथास्तू म्हणती.”

लातूरच्या एका खासगी दवाखान्यातल्या नर्सच्या मुलाखतीची तयारी चाकूरच्या त्या पत्र्याच्या घरात अशी चालली होती. सलाईन, इंजेक्शन, रात्रपाळी, सगळी उत्तरं सासूबाईंनी सुनेकडून घोकून घेतली. त्यातलं त्यांना कळत किती होतं ते त्यांनाच ठाऊक, पण थाट सिव्हिल सर्जनचा होता. गाडं अडलं ते या एका प्रश्नाशी. मागच्या दवाखान्यात पुनमनं खरं सांगितलं होतं. अंगावर पिणारी मुलगी आहे म्हटल्यावर त्यांनी पुढं काही विचारलंच नाही. नवरा दयानंद कामाला होता ती डाळमिल बंद पडलेली. आता खरं बोलणं परवडत नव्हतं, आणि खोटं बोलायला घरात बंदी होती.

म्हणून ते खोटं लातूरच्या बसस्टँडवर पाठ करायचं ठरलं. लेक ओवी बाटलीला तोंड लावत नव्हती, तेव्हा तिलाही आणावंच लागलं.

“म्हण की आता,” दयानंद म्हणाला. “लेकरू न्हाई म्हण.”

“हिला पाजता पाजता म्हणू?”

 पाठ करायचं तसंच राहून गेलं.

मुलाखतीत मेट्रनबाईंनी अगदी शेवटी विचारलं, “मूलबाळ?”

“नाही,” पुनम म्हणाली. ना आवाज कापला, ना डोळे भरले. इतकं सहज निघालं की तिला स्वतःचीच भीती वाटली. बाई मात्र खूश झाल्या. उद्यापासून या म्हणाल्या आणि बोलत बोलत तिच्याबरोबर दारापर्यंत आल्या.

पायऱ्यांवर दयानंद उभा होता. रस्त्यापलीकडं चहाच्या गाड्यापाशी थांबायचं ठरलं होतं, पण भुकेनं रडणारी लेक त्याला आवरेना. आईला बघताच ओवी रडायची थांबली आणि बापाच्या कडेवरून दोन्ही हात पसरून झेपावली.

“अगं बाई, तुमच्याकडंच येऊ बघतंय की,” मेट्रनबाई म्हणाल्या. “ओळखीचं आहे का लेकरू?”

दयानंदनं बायकोकडं पाहिलं. पुनमची छाती दाटून आली, पान्हा फुटला. तिनं पर्स छातीशी घट्ट धरली.

“नाही, मॅडम. भूक लागली असेल त्याला.” मग परक्या माणसाशी बोलावं तसं ती नवऱ्याला म्हणाली, “त्याच्या आईकडं न्या हो, दादा.”



“हाव, ताई,” तो म्हणाला, आणि हात पसरलेल्या ओवीला टॉवेलात गुंडाळून पायऱ्या उतरू लागला.