तिकोनी पाना

शांतादेवींच्या कारखान्याचा एक नियम होता आणि तो कोल्हापूरच्या सगळ्या उद्यमनगराला ठाऊक होता. इंजिन असो की पंप, न्यायला आलेल्या माणसानं तो आधी स्वतःच्या हातानं खोलायचा, पुन्हा जोडायचा, चालू करून दाखवायचा, आणि मगच माल गाडीत चढायचा. घाईतले लोक वैतागायचे. "आमी गिऱ्हाईक हाय का शिकाऊ?" म्हणून भांडायचे. शांतादेवी शांतपणे हातात पाना द्यायच्या आणि म्हणायच्या, "भांडत भांडत खोला."

नियम मूळचा त्यांचा नव्हता, त्यांच्या यजमानांचा, मल्लाप्पांचा होता. एकदा त्यांनी गगनबावड्याकडच्या एका खेड्यात भाताच्या गिरणीला इंजिन दिलं. श्रावणात ते बंद पडलं. तिकडचा पाऊस तो. रस्ता खचलेला, ओढे भरलेले, इकडचा मिस्त्री वीस दिवस पोचू शकला नाही. तोवर गावातल्या बायकांनी हातांनी भात कांडला. शेवटी मल्लाप्पा स्वतः चिखल तुडवत गेले आणि बघतात तर तेलाच्या नळीत चिमूटभर कचरा अडकलेला! दोन मिनिटांचं काम. परत येऊन ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी नियम लागू झाला. चौऱ्याण्णव साली मल्लाप्पा गेले, कारखाना शांतादेवींच्या अंगावर आला, आणि नियमही आला.

आणि दोन हजार तीन साली तो नियम त्यांनीच मोडला.

आठ महिने भट्टी जवळजवळ थंड होती. बावीस माणसं रोज सकाळी यायची, साचे पुसायची, चहा प्यायची आणि घरी जायची. अशात एका परदेशी मदतसंस्थेकडून तीनशे हातपंपांचं काम आलं. पंप जायचे होते आफ्रिकेत, सिएरा लिओनला. दहा वर्षांची यादवी नुकती संपलेला देश. कामाबरोबर पंपाच्या बांधणीचा नकाशा आला आणि त्या नकाशात पंपाच्या डोक्यावरच्या झाकणाला साधा षटकोनी बोल्ट नव्हता. तिकोनी डोक्याचा होता. बाजारातला कुठलाच पाना त्याला लागत नव्हता.

गुंडू मिस्त्रीनं नकाशा उलटासुलटा करून बघितला. तीस वर्षं तो ह्या कारखान्यात होता आणि मालकिणीशी बोलताना त्यानं कधी जीभ आवरली नव्हती.

"अक्का, ह्यो खोलायचा कशानं?"

"ज्यानं खोलायचा त्यो खोलंल. तू कर."

गुंडूनं त्यांच्याकडं बघितलं आणि काही न बोलता कामाला लागला. त्याचं ते न बोलणं शांतादेवींना शिवीपेक्षा जास्त लागलं. आफ्रिका कुठं, आपण कुठं, ते काय आपले शेतकरी आहेत, असं त्या स्वतःला समजावत राहिल्या. बोल्ट जुळवायला एक तिकोनी पाना गुंडूनंच बनवून घेतला, आणि तीनशे पंप तयार झाले.

माल तपासायला मार्चमध्ये दोन माणसं आली. एक होता अभिराम. राजारामपुरीतल्या गणिताच्या मास्तरांचा मुलगा, आता दिल्लीत त्या संस्थेचा सल्लागार. शांतादेवींची थोरली लेक त्याच्या वडलांकडं शिकवणीला जायची. दुसरी होती हावा नावाची बाई, चाळिशीची, उंच, डोक्याला पिवळं फडकं बांधलेली. तिच्या जिल्ह्याच्या पाणीपुरवठ्याचं काम तिच्याकडं होतं. पंप घेणाऱ्या देशातर्फे कागदावर तिची सही लागत होती.

अभिराम कागद काढून एकेक आकडा तपासू लागला. हावाला कुणी काही विचारलं नाही. ती हात मागं बांधून पंपांच्या रांगेतून हिंडली, एका पंपापाशी थांबली आणि तिनं त्या तिकोनी बोल्टवर बोट ठेवलं. मग वळून सरळ शांतादेवींकडं बघितलं.

"अभिराम," त्या म्हणाल्या, "ह्यो असला बोल्ट कशाला रं?"

"काकू, तिथं दुरुस्तीचं काम राजधानीतल्या एका कंपनीला दिलंय. त्यांच्याकडं जीप आहे, शिकलेली माणसं आहेत. पाना फक्त त्यांच्याकडं राहणार. गावात कुणी उघडायचाच नाही."

"आणि रस्ता बंद असंल तर?"

"थांबायचं." त्यानं चष्मा पुसला. पोरगा वाईट नव्हता, तेच तर अवघड होतं. "काकू, मी स्वतः बघितलंय. लढाईच्या दिवसांत लोकांनी पंपाचे भाग विकून खाल्लेत. मदत देणाऱ्यांना खात्री लागते. आमच्या भाषेत असल्या देशाला ठिसूळ म्हणतात. तिथं स्थानिक क्षमता नाही."

"क्षमता न्हाय म्हंजे? बायास्नी हात न्हाईत?"

"तसं नव्हे…"

"आरं, ओतकाम ठिसूळ निघालं तर आमी लोखंडाला नावं ठेवत न्हाय. निववताना घाई कुणी केली ते बघतो. तुमी समदी ठरवून मोकळी! हिला तरी इचारलासा का?"

अभिरामनं नाइलाजानं हावाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. ती ऐकून हसली नाही, रागावलीही नाही. खांद्यावरच्या पिशवीतून एक वस्तू काढून तिनं शांतादेवींच्या तळहातावर ठेवली. काळपट रबराची वाटोळी चकती, मध्ये भोक. पंपाच्या आत पाणी वर ओढायला लागतो तो वॉशर, पण कारखान्यातला नव्हे. एका बाजूला चपलेच्या तळाची नक्षी अजून दिसत होती.

अभिराम हळू आवाजात सांगू लागला. निर्वासितांच्या छावणीत चार हजार माणसांना एक पंप होता. तो बंद पडला तेव्हा हिनं स्वतःची रबरी चप्पल कापून वॉशर बनवला. असे अकरा बनवले. हा शेवटचा.

शांतादेवींनी चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड एकसारखी होती, कुठं खाच नाही, कुठं ओढाताण नाही. त्यांच्या कारखान्यात वीस वर्षं काम केलेल्या माणसालाही असं सुरीनं कापता आलं नसतं. आपण काय करून बसलो हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं आणि स्वतःचाच संताप आला.

"गुंडू, पाना आण."

"काकू, तुमचा तो नियम आज नको," अभिराम घाईनं म्हणाला. "वेळ नाही."

"कारखाना माझा हाय. घे तंगी, खोल."

तंगी म्हणजे धाकटी बहीण. शांतादेवींचं माहेर निपाणीचं. जीव लागला की त्यांच्या तोंडात कानडी यायचं. हावाला शब्द कळला नसेल, पण पाना कळला. तिनं फडकं घट्ट केलं, झाकण उघडलं, साखळी सोडवली, दांडी वर ओढून घेतली. मध्येच एकदा तिचं चुकलं, साखळी उलटी बसली. गुंडू पुढं सरकला तर तिनं त्याला कोपरानं मागं सारलं आणि स्वतःच सरळ केली. आतला वॉशर काढून शांतादेवींच्या हातातला आपला चपलेचा घेऊन बसवला, सगळं जोडलं, आणि चाचणीच्या हौदावर दांडा मारायला लागली. पाचव्या झटक्याला पाणी आलं. बावीस माणसं कामं टाकून बघत होती. त्यातल्या कुणीतरी शिट्टी वाजवली.

हावानं पाना खाली ठेवला नाही. तिनं तो वर धरला, मग लाकडी खोक्यांच्या रांगेकडं बोट केलं, एका खोक्याकडं, दुसऱ्या, तिसऱ्या, आणि पुन्हा पान्याकडं. अभिराम भाषांतर करायला तोंड उघडत होता.

"कळलं मला," शांतादेवी म्हणाल्या आणि हावाच्या डोळ्यांत बघून मान हलवली. "न्हाय. एकाबी खोक्यात न्हाय."

हावानं खिशातलं पेन काढलं होतं, ते परत ठेवलं.

अभिरामनं तिला समजावलं, विनवलं, घड्याळ दाखवलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. शेवटी तो शांतादेवींकडं आला. "काकू, तिची सही नसली तरी कारखान्याच्या लेखी हमीवर चालवून घेतील. माल नकाशाप्रमाणं आहे, एवढं तुम्ही लिहून द्या. उद्या गाडी लागेल."

म्हणजे आता सगळं त्यांच्या सहीवर आलं.

"दिल्लीला फोन लाव," त्या म्हणाल्या. "एकतर बोल्ट साधा, न्हायतर खोक्याखोक्यात पाना. दोन्हीतलं एक."

तो बाहेर जाऊन फोनवर बोलला, बराच वेळ. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "दोन्ही नाही म्हणाले. काकू, काम हातचं जाईल. तुमचं नाव यादीतून निघेल. पुन्हा कधी येणार नाही."

शांतादेवी माणसांकडं वळल्या. गुंडूच पुढं आला.

"अक्का, आठ म्हैनं बसलोय आमी. त्या देशाशी आमचा काडीचा संबंध न्हाय. पोरं आमची हितं हाईत."

"ठाव हाय मला. चूक माझी हाय, पयल्या दिवशीच तू इचारलंवतंस. शिव्या द्या मला, दुसरीकडं कामाला जायचं त्यानं खुशाल जावा. पर गगनबावड्याला जे चाललं न्हाय ते ह्या बाईच्या गावाला कसं चालंल? सही मी करणार न्हाय."

कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. दोघंजण खरोखरच त्या आठवड्यात काम सोडून गेले. हावानं जाताना तपासणीच्या कागदामागं आपला पत्ता लिहून दिला आणि पंपातला तो चपलेचा वॉशर तिथंच राहू दिला.

महिन्याभरानं अभिरामचा फोन आला. आवाज मेलेला. काम दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याला दिलं होतं, माल वेळेत जाणार होता. "तोच नकाशा," तो म्हणाला. "एक रेघ बदलली नाही."

फोन ठेवून शांतादेवी एकदम उठल्या आणि गुंडूच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"गुंडू, नकाशा तोच म्हंजे बोल्टबी त्योच की रं?"

"व्हय, त्योच."

"म्हंजे आपला पाना त्यास्नी लागंल."

गुंडूनं हातातली कानस खाली ठेवली. सही नाकारली त्या दिवसापासून तो अक्काशी कामापुरतंच बोलत होता. आता त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. "भंगारात नळ्या पडल्यात चिक्कार," तो म्हणाला.

पाने करायला पाच आठवडे लागले. साधे बोल्ट घालून तयार पंप जत-माणच्या ग्रामपंचायतींना एकेक दोनदोन करत जात होते, कागलच्या गुऱ्हाळांचे चरक दुरुस्तीला येत होते, आणि त्या कामातून सवड काढून माणसं नळी लालबुंद तापवायची, तिकोनी साच्यावर बसवून ठोकायची. करा म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही. सोडून गेलेल्यांपैकी एकजण तर दोन रविवार येऊन ठोकून गेला. शेवटी शांतादेवींनी ठसे काढले आणि प्रत्येक पान्याच्या दांड्यावर 'कोल्हापूर' उठवायला सांगितलं.

"अक्का, नाव कशाला? सापडू की," गुंडू म्हणाला.

"चोरीचा माल हाय का? आपला हाय. नाव घाल."

तीनशे पाने बारा पार्सलांतून हावाच्या पत्त्यावर गेले. पोस्टातल्या माणसानं विचारलं, आत काय? शांतादेवींनी अर्जावर लिहिलं: हाताची अवजारं. पोचल्याचं काही कळलं नाही. पावसाळा गेला, उन्हाळा गेला, आणखी एक पावसाळा गेला. यादीतून नाव निघालं ते निघालंच.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर संस्थेच्या शिक्क्याचं पत्र आलं, खाली अभिरामची सही. राजधानीतल्या कंपनीनं तक्रार केली होती. एका जिल्ह्यात त्यांची जीप जाते तेव्हा पंप आधीच दुरुस्त झालेले असतात. त्यांत चपलांचे वॉशर सापडतात. गावोगावच्या बायकांकडं अनधिकृत पाने आहेत आणि त्यांवर देवनागरी अक्षरं आहेत. ह्या पान्यांशी आपल्या कारखान्याचा काही संबंध असल्यास आठ दिवसांत कळवावे. त्याखाली शाईनं, घाईच्या अक्षरात दोन ओळी होत्या: 'काकू, नाही म्हणून कळवा. मी फाइल बंद करतो.'

शांतादेवींनी पत्र गुंडूला वाचून दाखवलं. 'पंप आधीच दुरुस्त झालेले असतात' हे वाक्य त्यानं पुन्हा वाचायला लावलं, आणि मग आणखी एकदा.

मग त्यांनी त्याच पत्राच्या कोऱ्या जागेत उत्तर लिहिलं, मोठ्या, ठसठशीत अक्षरात.

'संबंध आहे. आणखी पाने लागले तर कळवा.'

खाली पूर्ण नाव घातलं, कारखान्याचा शिक्का मारला आणि गुंडूला फॅक्स करायला पाठवलं.