जशी आहे तशी

“रंग कुणी दिला हो हिला?” शार्दूलने विचारलं, आणि आबांना ते कौतुकच वाटलं.

“म्या. सोता,” आबा म्हणाले. “कुनाचा हात लागू दिला न्हाय. आदी सगळी घासली, खड्ड्यांत पुट्टी भरली, मग दोन हात प्रायमर आनि वर तीन हात रंग. बोट फिरवून बगा की पावणं, कुटं खरखर लागती का.”

शार्दूलने बोट फिरवलं नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. अंतरा मेटाडोरला वळसा घालून मागच्या दाराशी उभी होती. एकदा हातातल्या मोबाईलकडे पाहत होती, एकदा दाराकडे. दार क्रीम रंगाचं होतं आणि इतकं चकचकीत, की त्यात तिचा चेहरा दिसत होता.

“आबा,” ती म्हणाली, “इथली अक्षरं कुठं गेली?”

“ती काडली. जुनी झालती.”

आबांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तसा तो ते रोजच घालायचे. आबा म्हणजे कोडोलीचे वडापवाले आबा. एसटी चुकलेली माणसं भरून न्यायची, त्याला आमच्याकडे वडाप म्हणतात. शहाऐंशी साली घेतलेल्या या मेटाडोरमधून आबांनी तीस-बत्तीस वर्षं कोडोली-कोल्हापूर केलं. सतरा माणसं कोंबून झाल्यावर अठरावा आला, तर “सरकून घ्या की वाईच” एवढंच ते म्हणायचे, आणि माणसं सरकायची. पण सुरुवातीच्या वर्षांत काहीजण गाडी कुणाची आहे ते विचारायचे, आडनाव ऐकायचे आणि पुढच्या गाडीची वाट बघत उभे राहायचे. तेव्हापासून आबा रोज पहाटे सीटा धुवायला आणि इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. आपल्याला कुणी नाव ठेवू नये, या एका गोष्टीपायी त्या माणसाने जन्मभर स्वतःला राबवलं.

मागच्या दारावरची अक्षरं प्रसेनजीतची. आबांचा मुलगा. शाळेत गणितात कायम नापास आणि अक्षरात पहिला. वारणानगरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. विशीत असताना त्याने एका दुपारी दारावर आईचं नाव काढलं: ‘यल्लव्वा एक्स्प्रेस’. लाल अक्षरं, पिवळी सावली, आणि खाली कोपऱ्यात बारीक, ‘प्रसेन’. यल्लव्वाने हातात रंगाचा डबा धरून ठेवला होता. तिला वाचता येत नव्हतं. “माजं नाव एवडं लांब हाय व्हय रं तम्मा?” तिने विचारलं, तेव्हा तो पोट धरून हसला होता. तिचं माहेर निपाणीकडचं, मुलाला ती कानडी वळणाने तम्माच म्हणायची.

पुढे फ्लेक्स आले. अक्षरं काढणाऱ्याला आता फ्लेक्स बांधायचं काम मिळायला लागलं. सहा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढवताना तो लोखंडी चौकटीवरून खाली पडला. आबांनी त्याला याच गाडीत घातलं आणि गाडी कोल्हापूरकडे पळवली. मागे यल्लव्वा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शिरोलीच्या पुलावर ती मागून म्हणाली, “अवो, आता सावकास चला.”

त्यानंतर आबांनी वडाप केलं नाही. रोज सकाळी गाडी सुरू करायची, दहा मिनिटं चालू ठेवायची आणि बंद करायची, एवढंच. यल्लव्वा ओलं फडकं घेऊन मागचं दार पुसायची. यंदा गाडीच्या कागदांची मुदत संपली आणि वाढवून मिळाली नाही. त्यातच गटाराचं काम निघालं, आणि गटार नेमकं गाडी उभी होती तिथूनच जाणार होतं. महिन्याभरात जागा मोकळी करा, असं सांगून माणसं गेली. म्हणजे भंगार. आबांना तेवढं एकच नको होतं. त्यांनी गाडी विकायची मनाची तयारी केली होती, पण तोडायची नाही.

मुलीने, रूपालीने, गाडीचा फोटो मोबाईलवर टाकला आणि शार्दूलचा फोन आला. कोल्हापुरातला मुलगा, आई-वडील दोघंही शिक्षक. मलकापूरच्या पुढे रत्नागिरी रस्त्याला तो हॉटेल काढत होता. दारात जुनी मेटाडोर उभी करायची, पोराबाळांनी आत बसायचं, संध्याकाळी आतले दिवे लावायचे. आबांना हे ऐकून हायसं वाटलं. शेवटी शार्दूल म्हणाला, “आबा, गाडी जशी आहे तशी चालेल आम्हाला.”

तेवढा एक शब्द आबा दोन दिवस चघळत बसले.

“चालंल म्हनला,” ते यल्लव्वाला म्हणाले. “चालंल म्हंजे काय? गंजल्याली हाय तरी चालवून घिऊ, असंच की न्हवं?”

“तसं नसंल वो.”

“तसंच असतंय. चांगल्या घरातली मानसं हायती, बोलून दावत न्हाईत. आपल्या वस्तीतनं गाडी जायाची, तर जाताना कुनी नाव ठिवाय नगं.”

अकरा दिवस आबा गाडीला भिडले होते. एकोणसत्तर वर्षांचा माणूस गाडीखाली उताणा पडून गंज खरवडत होता. ब्रश प्रसेनजीतचेच होते, रॉकेलमध्ये बुडवून मऊ केलेले. मागचं दार त्यांनी शेवटी घेतलं.

“अक्षरं तेवडी ऱ्हाऊ द्या की,” यल्लव्वा म्हणाली. “त्येच्या भवतीनं रंग फिरवा.”

“ठिगळ दिसंल. करायचं तर चोख करायचं.”

ती आत गेली. आबांनी पॉलिश पेपर घेतला. मोठी अक्षरं तासाभरात गेली. कोपऱ्यातल्या बोटभर ‘प्रसेन’ला मात्र त्यांना अख्खी दुपार लागली. ते रडत होते आणि घासत होते. गाडी जगणार असेल तर हे द्यावं लागेल, असं त्यांनी मनाला बजावलं. घासून झाल्यावर त्यांनी लाल पुडीवर फुंकर मारली, कारण पूड राहिली की वरचा रंग फुगतो.

आता अंतराने मोबाईल त्यांच्यापुढे धरला होता. फोटोत तीच मेटाडोर होती. गंजलेली, पोचे पडलेली, मागे लाल अक्षरं.

“आम्हाला ही पाहिजे होती, आबा,” शार्दूल हळूच म्हणाला.

“ही तीच हाय की.”

“तसं नाही. तो गंज, ती अक्षरं, ते सगळं. नवीन दिसणारी गाडी ठेवून आम्ही काय करणार? हॉटेलचं नावसुद्धा आम्ही ‘यल्लव्वा एक्स्प्रेस’च ठेवणार होतो.”

यल्लव्वा चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात आली होती. ती तिथेच थांबली.

“तुमी जशी हाय तशी चालंल म्हनलासा,” आबा म्हणाले.

“तेच तर म्हटलं होतं ना, आबा.”

आबा गाडीकडे बघत राहिले. राग काढायला समोर कुणीच नव्हतं. पोरगा खोटं बोलला नव्हता, आणि पोरगी तर रडवेली झाली होती.

“परत लिहून घेतलं तर?” अंतरा म्हणाली. “ज्यांनी लिहिलं होतं ते पेंटर असतील ना अजून? त्यांनाच सांगू या.”

“न्हाईत,” आबा म्हणाले. “गेलं ते.”

स्वतःच्या मुलाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘ते’ म्हटलं. मुलगा होता, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित त्या दोघांनी दयेपोटी गाडी घेतलीही असती, आणि आबांना दया नको होती. शार्दूलने रंगाचा खर्च तरी घ्या म्हणून खिशात हात घातला. आबांनी तो हात तसाच धरला.

“च्या घ्या,” ते म्हणाले. “गार व्हतोय.”

दोघांनी उभ्याउभ्याच चहा घेतला. जाताना अंतरा यल्लव्वाच्या पाया पडली. का पडली ते तिलाही सांगता आलं नसतं. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी आबा हात वर करून उभे होते.

त्यानंतर गाडी बघायला कुणी आलं नाही. महिना संपत आला तसा गावातला भंगारवाला सम्राट क्रेन घेऊन आला. तो यायच्या आधी आबांनी पान्हा घेऊन मागच्या दाराच्या बिजागऱ्या सोडवल्या होत्या आणि दार घराच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

“दार कशाला काडलासा, आबा?” सम्राट म्हणाला. “त्येच्यावर काय बी न्हाय की.”

“ऱ्हाऊ दे.”

“बरं, बरं. रंग मातूर झ्याक दिलाय. कुनी दिला?”

आबांनी केबिनमध्ये हात घालून शेवटचं एकदा किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. “बंद करा आता,” सम्राट म्हणाला, “साखळी लावायचीय.” आबांनी ती बंद केली. क्रेनने पुढची चाकं उचलली आणि गाडी मागच्या चाकांवर वस्तीबाहेर गेली. मागे दार नसल्यामुळे बराच वेळ आतली रिकामी सीट दिसत होती.

रंग दिल्यापासून यल्लव्वाने त्या दाराला हात लावला नव्हता. आज ती फडकं ओलं करून बाहेर आली. जुन्या सवयीने दारासमोर बसली आणि वरपासून पुसायला लागली. वाचता येत नसलं, तरी रोज पुसून पुसून ती अक्षरं तिच्या बोटांना पाठ झाली होती. थोडा वेळ पुसून तिने फडकं बाजूला ठेवलं आणि नुसता हात फिरवला. एकदा, मग उलटा, मग खाली कोपऱ्यात. तिथे तिचं बोट बराच वेळ फिरत राहिलं.

“तम्माचं नाव हितंच हुतं न्हवं?” ती म्हणाली. “हाताला काय बी लागंना वो.”

आबा पायरीवर बसले होते. इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीवर गंजाचा डाग पडला होता, आणि तो त्यांनी झटकला नव्हता.

“न्हाय लागायचं,” ते म्हणाले. “चोख घासलंय म्या.”