ताईचा जड हात

सकाळी आठला मावशीने भाचीला स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावर बसवलं, डोक्याचं फडकं सोडलं आणि ती बघतच राहिली. पोरीचे केस मुळातच गच्च कुरळे, एकेक केस पेनातल्या स्प्रिंगसारखा. पण आज मानेपासून कानापर्यंत सगळं एकजीव होऊन काथ्याच्या पायपुसण्यासारखं कडक झालं होतं. बोट शिरायला जागा नव्हती. आणि मावशीची बस चार वाजताची होती.

ही बस चुकवून भागणार नव्हतं. दुसऱ्या शहरात एका बाईचं पार्लर होतं, तिथे फक्त असल्याच केसांचं काम चाले. दोन दिवस तिथे राहून मावशी आपल्या हाताचं काम दाखवून आली होती, कालच संध्याकाळी परतली होती. पार्लरवाल्या बाईला कौतुक करायची सवय नसावी. मधे एक दिवस देते, परवा सकाळी नऊला कामावर हजर हो, नाही आलीस तर दुसरी तयार आहे, एवढंच ती काल म्हणाली. चारनंतरची बस थेट दुसऱ्या दिवशी दुपारी.

मावशी या घरात आली होती चार दिवसांसाठी, भाचीचा जन्म झाला तेव्हा. त्या चार दिवसांची नऊ वर्षं झाली. भावोजी ट्रकवर; महिन्यातून दोनदा उगवायचे, जेवून झोपायचे आणि पुन्हा रस्त्याला लागायचे. घरात उरली ताई आणि ताईचा जड हात. ताईने कंगवा धरला की समोरच्याचा जीव जातो, असं ताईच लहानपणापासून सांगत आली होती, आणि कुणी तपासून बघायच्या भानगडीत पडलं नव्हतं. म्हणून पोरीचे केस मावशीकडे, ताईचेही मावशीकडे, दर आठवड्याला अख्खी दुपार. गल्लीतल्या पार्लरमध्ये जाऊन उपयोग नव्हता, तिथली मुलगी हे केस बघितले की कात्रीच पुढे करायची. मधे मावशीला दोन स्थळं आली. ताई म्हणाली, तुझं तू ठरव बाई, आमच्या डोक्यांचं आम्ही बघू काहीतरी; आणि चेहरा असा केला की मावशीनेच नकार कळवून टाकला. मावशीचे स्वतःचे केस मात्र बोटभर होते. तिचे कोण सोडवणार? आरशासमोर उभी राहून ती स्वतःच कापायची, आणि कुणी विचारलं तर डोकं हलकं राहतं म्हणायची.

तर हा गुंता. ताईचं म्हणणं असं, की मावशी गेली त्याच दिवशी पोरीला ताप भरला, घाम आला, ती ओल्या डोक्यानेच झोपली, मग ताईने कढत पाण्याने न्हाऊ घातलं आणि टॉवेलने खसाखसा पुसलं. "मी काय करू? माझ्या हाताला ते जमत नाही, तुला माहितीये," एवढं बोलून तिने डोळ्यांना पदर लावला. मावशीने तेलाची बाटली उघडली. भांडण करण्यात अर्धा तास गेला असता.

काम संथच असतं हे. वर मुळाशी केस मुठीत धरायचे, म्हणजे हिसका डोक्याला लागत नाही. खाली टोकाकडून सुरुवात करायची. आधी तेल, मग बोटं, आणि बोटांनी वाट मोकळी केली तरच मोठ्या दातांचा कंगवा. घाई केली की केस तुटतो, आणि असला केस एकदा तुटला की पुन्हा तेवढा व्हायला वर्षं लागतात. दहा वाजता उजव्या कानामागची एक बट सुटली. बारा वाजता तीन झाल्या. मावशीच्या बोटांची टोकं सुरकुतली, पाठीत कळ भरली. समोरच्या भिंतीवर घड्याळ, खिडकीतून बाहेर शेजारच्यांची भिंत, गुडघ्यांच्या मधे पोर. हलायची सोय नव्हती. स्टुलावर बसलेल्या पोरीपेक्षा आपणच जास्त अडकलोय असं तिला वाटलं आणि तिला रडू यायला लागलं, ते तिने गिळलं.

ताई दोनदा चहा देऊन गेली. दुसऱ्यांदा तिने हळूच सुचवलं की एक दिवस उशिरा गेलं तर आभाळ कोसळणार नाही. नाहीतर सरळ कापून टाक, पोर टकली तर टकली. ते ऐकून पोरीचे खांदे आखडले, पण ती बोलली नाही. हे मावशीला जरा विचित्र वाटलं. या पोरीला घरात सगळे मुंगी म्हणत, कारण ती एका जागी मिनिटभर टिकत नसे. केस सोडवताना तर दर पाच मिनिटांनी 'झालं का, झालं का' चालायचं. आज मुंगी सकाळपासून चिडीचूप बसली होती.

अडीच वाजता मावशीची बोटं गोळ्याच्या आत पोचली, आणि तिथे तिच्या हाताला वेणी लागली.

एक नव्हे, बऱ्याच. बुटाच्या नाडीहूनही बारीक, चारपेडी, आणि एकमेकींत आडव्या-उभ्या ओवलेल्या. मधले भांग सरळ रेषेत. तापात कूस बदलून झालेल्या गुंत्यात भांग नसतात. मावशीने एका वेणीचं टोक शोधलं. ते मागे वळवून वेणीच्याच पोटात खोचलेलं होतं, रबर नाही, दोरा नाही. तसं टोक खोचायची त्यांची आई. जगात ही खोच आता दोघींनाच ठाऊक होती, आणि त्यातली एक दोन दिवस परगावी होती.

तिचे हात थांबले. इतकं नेटकं काम पार्लरवाल्या बाईलाही जमलं नसतं.

"मुंगे," तिने हळू विचारलं, "हे कुणी केलं?"

मान न वळवता मुंगी म्हणाली, "आई म्हणाली, तू राहायला हवी असशील तर गप्प बसायचं."

"दुखलं का गं करताना?"

"नाही. कळलंच नाही. मला तर झोप लागली होती."

हे ऐकून मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपले बोटभर केस तिने चाचपले. नऊ वर्षं.

तिने ताईला हाक मारली. ताई दारात आली, मावशीच्या बोटांत धरलेली ती वेणी तिने पाहिली आणि तिथेच फरशीवर बसली. कांगावा नाही, खोटं नाही. तेवढं बरं झालं.

"केसांचं निमित्त होतं गं," ती म्हणाली. "महिनेच्या महिने या घरात माझ्याशी बोलतं कोण? तू बसतेस ना आठवड्याची एक दुपार माझं डोकं धरून, तेवढंच."

मावशीला आणखी चिडायचं होतं, पण ते जमेना. हे खरं होतं, आणि सकाळपासूनच्या गुंत्यापेक्षा ते जास्त घट्ट बसलं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. आता आपण गेलो नाही, तर पुढे कधी रागावूनही जाता येणार नाही, हे तिला कळत होतं.

तिने ताईचा हात धरून तिला उठवलं, स्वतःच्या जागी बसवलं आणि तेलाने माखलेला कंगवा तिच्या हातात दिला.

"जिला गुंता इतका नीट घालता आला, तिला सोडवताही येतो," ती म्हणाली. "पत्र टाकीन. माझ्याशी भांडायचं असेल तर फोन कर, रोज कर. पण हे डोकं तुझं."

ताईने कंगवा बाजूला ठेवला आणि आधी बोटं घातली, टोकाकडून. मावशीने बघायचं टाळलं. पिशवी उचलली, चपला घातल्या.

"मावशी, गेलीस का?" मुंगीने विचारलं. तिला मागे वळून बघता येत नव्हतं.

"दारात आहे," मावशी म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.

दोन जिने उतरून ती थांबली. वर स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. पोर एकदा जरी कळवळली असती, तरी मावशी पुन्हा वर गेली असती. हे तिचं तिला पक्कं माहीत होतं, आणि वर ताईलाही माहीत असणार. कठड्याला धरून ती कान देऊन उभी राहिली. थोड्या वेळाने कंगव्याचा आवाज येऊ लागला, एकसारखा, न थांबता. मुंगी काहीतरी विचारत होती आणि ताई उत्तर देत होती. रडणं आलंच नाही.

मावशी उरलेले जिने उतरली.