कुंडीत कुणी पाणी घालायचं नाही

पान पिवळं पडलं की माणूस आधी तांब्या शोधतो. तुमच्याआमच्या घरात हेच चालतं, आणि पंखेकाकांच्या घरात तर तो नेमच झाला होता. काकूंचा दंडक असा, की पेल्यात उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, गॅलरीतल्या मनी प्लांटला घालायचं. काकूंनी गोळी घेतली की उरलेलं पाणी तिथे, सुनेच्या डब्याबरोबरची बाटली तिथे, मुलगा ऑफिसातून आला की त्याचीही तिथेच. पाणी वाया जात नव्हतं हे खरं, वेल मात्र वाया चालली होती. आधी खालची पानं पिवळी झाली, मग मधली, आणि प्रत्येक पिवळ्या पानामागे तिला प्रेमापोटी आणखी एक पेला मिळत गेला.

पंखे दुरुस्त करतात म्हणून ते पंखेकाका. जळलेली कॉइल सोडवून नवी तार भरण्यात त्यांचा हातखंडा. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, जड उचलू नका, बाकी हळूहळू सगळं सुरू करा. मुलाच्या कानात त्यातला पहिला भागच शिरला. त्याने गॅलरीतलं कामाचं टेबल काढलं, हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली आणि तिथे आरामखुर्ची आणून ठेवली. काकांनी पेपर उचलला की सून म्हणायची, "बाबा, मी वाचून दाखवते." चपला सरकवल्या की काकू दारात आडव्या. काका सुरुवातीला सुखावले, मग वैतागले, मग गप्पच झाले. जेवण जाईना, झोप उडाली. त्यावर घरच्यांनी काय केलं? टॉनिकची आणखी एक बाटली आणली.

एका रविवारी सकाळी मुलगा सहज म्हणाला, "बाबा, दुपारी एक जण येतोय. तुमची पेटी त्याला देऊन टाकतो. नुसती गंजत पडलीय."

"मला विचारलंस?"

"तुम्हाला कशाला त्रास, म्हणून नाही विचारलं."

काका उठले. गॅलरीत जमिनीवर त्यांनी जुना पेपर पसरला आणि मनी प्लांटची छोटी कुंडी त्यावर आडवी केली. सून धावत आली. "बाबा, राहू द्या ना, मी करते."

"तू लांब उभी राहा. हे मी करणार."

कुंडीतून ओला लगदा घसरला आणि कुबट वास सुटला. मुळं काळी पडली होती, चिमटीत धरताच त्यांची सालं निसटत होती. तळाचं भोक कधीचंच बुजलेलं.

"अहो, पण आपण तर रोज पाणी घालतो तिला," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच ही दशा. मुळांनाही हवा लागते. ती घुसमटली, कुजली, की पाणी असूनही वर चढत नाही. पान पिवळं पडतं, आणि आपल्याला वाटतं तहान लागली. माती ओली आहे का कोरडी, हे कुणी बोट घालून बघितलं?"

"तुम्हाला हे कधी कळलं?" मुलाने विचारलं.

"इतके महिने मला हिच्यासमोर बसवलंत. दुसरं बघायला होतं काय?" काका मुलाकडे वळले. "माझंही तेच केलंत. मी सुकत चाललो, की तुम्ही आणखी आराम ओतता. काय होतंय, हे विचारलंत कधी? ती पेटी कुणालाही द्यायची नाही! ती माझी आहे. हे हातही अजून माझेच आहेत."

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही कोसळलात तेव्हा मी समोर होतो. मला भीती वाटते हो."

"वाटणारच. पण भीती तुझी आणि शिक्षा मला, हे चालणार नाही."

काकांनी कुजलेली मुळं कात्रीने छाटली, भोक मोकळं केलं आणि जी दोन-चार मुळं पांढरी, घट्ट होती ती नव्या भुसभुशीत मातीत लावली. मुलाने त्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून कळवलं. मग तो शिडी घेऊन माळ्याकडे निघाला.

"पेटी जड आहे, ती मी उतरवतो. एवढं तरी करू द्या."

"तेवढं कर," काका म्हणाले.

सुनेने विचारलं, "बाबा, ही पिवळी पानं परत हिरवी होतील?"

"नाही. गेलेलं पान गेलं. माझे महिनेही गेले. आता येणारं पान हिरवं यावं, एवढंच आपल्या हातात."

काकांचं टेबल पुन्हा गॅलरीत लागलं आणि दुपारी शेजारणीचा बंद पंखा त्यावर आला. काकूंना ते आवडलं नाही, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. काका हसले आणि स्क्रू काढायला लागले.

वाचकहो, आपल्याही घरात आपण कुणाला तरी असंच प्रेमाने खुर्चीत बसवून ठेवलं असेल. काळजी जरूर घ्या, पण आधी विचारा. न विचारता घेतलेली काळजी ही काळजी नसते, ती सत्ता असते. आणि विचारणारं कुणी नसेल, तर खुर्चीतल्या माणसाने वाट बघत बसू नये. त्याने उठावं आणि आपलं काम मागून घ्यावं.